पत्र्याच्या खुराड्यावर चुना की पाचट?

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, गळ्याखालची कातडी थरथरतेय असं दिसलं की तिला उकडतंय, आधी वरचा तापलेला पत्रा बघा.

चुना स्वस्त आणि हलका. रात्रभर भिजवून, गाळून दोन हात द्या. ऊन परततं, पण धूळ बसली की गुण उतरतो.

विदर्भातल्या 45 अंशांच्या कोरड्या उन्हात पाचटच, म्हणजे उसाचा वाळलेला पालाच, बरं. 6 इंच थर, वर दोरीची जाळी, नाहीतर वावटळीत उडतं. दुपारी 12 ते 4 दरम्यान दोन-तीनदा पाणी शिंपडा. ते वाळताना उष्णता ओढून घेतं. मात्र पाणी आत ठिबकू देऊ नका, खालचा भुसा भिजला की अमोनियाचा उग्र वास सुटतो. पाचट पेटतंही, म्हणून चूल लांब हवी. कोकणात हवाच दमट, तिथे पाचट कोरडंच ठेवा आणि खुराड्याच्या बाजू जाळीच्या करा.