मोतीबिंदूनंतर जवळचं दिसायला कुठली लेन्स घ्यावी? क्रिस्टालेन्स, ट्रायफोकल की साधी

आईला मोतीबिंदू निघाला तेव्हा ऑपरेशनपेक्षा जास्त चर्चा लेन्सचीच झाली, कारण ती घरी ब्लाउज शिवते, हुक लावणं, सुईत दोरा ओवणं रोजचं, आणि तिला चष्मा नकोच होता.

आपलं मूळ भिंग तरुणपणी डोळ्यातल्या स्नायूमुळे फुगतं म्हणून जवळचं दिसतं, चाळिशीत ते कडक होतं आणि मोतीबिंदूत तर काढूनच टाकतात. साधी मोनोफोकल बसवली की एकच अंतर स्वच्छ दिसतं, शक्यतो लांबचं, वाचायला चष्मा लागतोच. पण रात्री दिवे स्वच्छ दिसतात आणि खर्चही सगळ्यात कमी.

क्रिस्टालेन्स मला सुरुवातीला फार आवडली होती. २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली, बिजागरीसारखी वाकते, म्हणजे स्नायूच्या जोरावर लेन्सच पुढेमागे हलावी अशी कल्पना. प्रकाश वेगवेगळ्या अंतरांसाठी वाटला जात नाही त्यामुळे रात्री दिव्यांभोवती दिसणाऱ्या वलयांचा त्रास कमी. पण खरं सांगायचं तर ही हालचाल फार थोडी मिळते, कॉम्प्युटरपर्यंत ठीक, बारीक अक्षराला बऱ्याच जणांना चष्मा लागतोच, शिवाय लेन्सभोवतीची पिशवी आकसली तर ती वाकडी होऊ शकते. नुसत्या कल्पनेवर भाळून पैसे घालू नका.

ट्रायफोकल, म्हणजे पॅनऑप्टिक्ससारखी, हलत नाही, प्रकाशच लांबचं, साधारण ६० सेंमी आणि ४० सेंमी असा वाटून देते. हातातल्या कामाला हीच सगळ्यात उपयोगी. बदल्यात रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, अंधुक उजेडात जरा फिकं वाटतं, आणि काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर डॉक्टर सहसा नकोच म्हणतात, म्हणून पडद्याची तपासणी आधी करून घ्याच. व्हिव्हिटी नावाची लेन्स साधी आणि ट्रायफोकल यांच्या मधली, वलयं कमी पण बारीक वाचनाला चष्मा लागू शकतो.

काका रात्री गाडी चालवतात, त्यांनी दोन्ही डोळ्यांत साधीच घेतली, फक्त एका डोळ्याचा नंबर जवळचा ठेवला. हे जमतंय का ते ऑपरेशनआधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघता येतं, जरूर विचारा.

आईने ट्रायफोकल घेतली. रस्त्यावरच्या दिव्यांना अजून गोल कडं दिसतं म्हणते, आणि संध्याकाळी शिवायला बसली की आधी ट्यूबलाइट लावते, पण परवा काळ्या कापडावर काळाच दोरा, तोही तिने बिनचष्म्याचा पहिल्या फटक्यात ओवला.