कॅसलव्हेनिया मालिका: कोणते गेम आधी, कोणते मागून (पावसाळ्यापासूनच्या वापरानंतरचा अनुभव)

"भाऊ, कॅसलव्हेनियात एवढे गेम हायेत, सुरू कुठून करू?" ड्रॅक्युला आणि त्याच्या राक्षसांशी लढायच्या या व्हिडिओ गेम मालिकेबद्दल आमच्या इकडच्या पोट्ट्यांचा हा ठरलेला प्रश्न. माझं उत्तर पक्कं आहे: 'एरिया ऑफ सॉरो'पासून. १९८६ च्या पहिल्या गेमपासून अजिबात नको.

गेल्या पावसाळ्यापासून ही मालिका मी दारव्ह्याकडच्या एका गावात खेळतोय. जुना साधा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तारेचा कंट्रोलर आहे आणि वावरात जागलीला गेलो की मोबाइल. आजचे मोठे गेम उतरवायला इथलं नेट पुरत नाही, हे जुने गेम मात्र उतरतात. लाईन कधी जाईल याचा नेम नसतो, लॅपटॉपची बॅटरीही थकलेली. म्हणून कुठंही थांबून सेव्ह करता येणं ही माझी पहिली अट. मालिका बनवणाऱ्या कोनामी कंपनीने जुने गेम एकत्र करून काढलेले अ‍ॅनिव्हर्सरी (२०१९), अ‍ॅडव्हान्स (२०२१) आणि डॉमिनस (२०२४) हे तिन्ही संच ती अट पूर्ण करतात. नंतरच्या दोन संचांत तर खेळ थोडा मागे सरकवून चूक सुधारताही येते.

एरिया ऑफ सॉरो २००३ चा, अ‍ॅडव्हान्स संचात मिळतो. कथा २०३५ सालची, जपानमधली. सूर्यग्रहणाच्या वेळी सोमा क्रूझ नावाचा तरुण ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात पोचतो. मारलेल्या शत्रूचा आत्मा कधीकधी त्याला मिळतो आणि त्या शत्रूची शक्ती त्याची होते. सांगाड्याच्या आत्म्याने हाडं फेकता येतात, उडत्या चिलखताच्या आत्म्याने हवेतून सावकाश उतरता येतं. त्यामुळे किल्ल्यातला एकही शत्रू फालतू वाटत नाही. नवीन कुणी दिसला की याच्याकडे काय असेल ही उत्सुकता लागते. नकाशा स्पष्ट आहे, खोल्या आटोपशीर आहेत, पाऊण तास मिळाला तरी काहीतरी हाती लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत अंग दुखत असताना मी हाच गेम सुखाने खेळू शकलो. एकच काळजी घ्या. किल्ल्यात तीन प्राचीन पुस्तकं सापडतात, ती वाचा. शेवटाकडच्या लढाईत कोणते आत्मे लावायचे याचा इशारा त्यांत आहे. तो सोडला तर गेम आधीच संपतो आणि कथेचा सगळ्यात जबरदस्त भाग राहून जातो.

दुसरा, 'सिम्फनी ऑफ द नाइट'. १९९७ चा हा गेम मालिकेतला सगळ्यात नावाजलेला, आणि ते नाव त्याने कमावलेलं आहे. नायक अ‍ॅलुकार्ड हा ड्रॅक्युलाचाच मुलगा. सुरुवातीलाच 'मृत्यू' नावाचं पात्र त्याची सगळी शस्त्रं काढून घेतं, मग खोली खोली पालथी घालत पुन्हा उभं राहायचं. मिचिरू यामाने यांचं संगीत हेडफोन लावूनच ऐका. जागलीत मी एकाच कानात लावतो, दुसरा कान रानडुकरांसाठी. याची मोबाइल आवृत्ती २०२० मध्ये आली. एकदाच पैसे भरायचे, जाहिराती नाहीत. आमच्या वावरात रेंज नाही तरी बिनतक्रार चालते. पण स्क्रीनवरची बटणं बोटाखाली नीट येत नाहीत, आणि अ‍ॅलुकार्डचे मंत्र दिशांच्या ठराविक क्रमाने टाकायचे असतात. ब्लूटूथ कंट्रोलर जोडा, त्याशिवाय या गेमची मजा नाही. रिश्टर या पात्राशी लढायच्या आधी पवित्र चष्मा मिळवायलाच हवा, नाहीतर पुढचा अख्खा उलटा किल्ला दिसणारच नाही. त्या उलट्या किल्ल्यात अ‍ॅलुकार्ड फार ताकदवान होतो आणि लढाया सोप्या पडतात, हे खरं. मला तरीही तो भटकायला आवडतो.

त्यानंतर डॉमिनस संच. 'डॉन ऑफ सॉरो' ही सोमाचीच पुढची कथा, म्हणून एरियानंतरच घ्या. 'पोर्ट्रेट ऑफ रुइन'मध्ये दोन पात्रं बदलत खेळायचं आणि चित्रांच्या आतल्या जगात शिरायचं, हलकाफुलका आहे. पण जीव जडला तो 'ऑर्डर ऑफ एक्लेसिया'वर (२००८). वायगोल नावाचं गाव ओस पडलेलं असतं. गावकरी ठिकठिकाणी अडकलेले असतात आणि नायिका शनोआने एकेकाला सोडवून आणलं की घरं पुन्हा बोलू लागतात. कुणी औषध करून देतो, कुणी काम सांगतो. सगळे सुटले नाहीत तर ड्रॅक्युलाचा किल्ला उघडतच नाही. गावात राहणाऱ्या माणसाला हे भिडतं. गेम कठीण आहे, पहिलाच राक्षस घाम फोडतो, पण प्रत्येकाची चाल ओळखता येते आणि हरलो तरी अन्याय वाटत नाही.

अ‍ॅडव्हान्स संचातले बाकीचे: 'सर्कल ऑफ द मून' (२००१) मला आवडला. वीस पत्त्यांच्या जोड्या लावून जादू करायची कल्पना सुरेख, फक्त पत्ते मिळता मिळत नाहीत. 'हार्मनी ऑफ डिसोनन्स'चा नकाशा गोंधळाचा आणि संगीत कर्कश. तो राहू द्या.

जुने गेम शेवटी. पहिल्या गेममध्ये नायक सायमनची चाल जड, ओल्या काळ्या मातीच्या वावरात पाय उचलावे तशी. उडी मारली की हवेत वळता येत नाही, मार लागला की मागे फेकला जाऊन खड्ड्यात. सवय झाली की त्यातली शिस्त आवडू लागते, पण नवख्याने कंट्रोलर ठेवून द्यावा इतकी ती सुरुवात कडक आहे. त्या पिढीतला तिसरा भाग (१९८९) सरस: वाटा फुटतात, साथीदार मिळतात. अ‍ॅनिव्हर्सरी संचात त्याची जपानी आवृत्तीही आहे, तीच निवडा. मूळ कार्ट्रिजमध्ये आवाजासाठी जास्तीची चिप होती, म्हणून संगीत भरदार आहे, आणि खेळही जरा सोपा. 'सुपर कॅसलव्हेनिया ४' मध्ये चाबूक आठही दिशांना फिरतो, तोही घ्या. दुसऱ्या भागातले गावकरी दिशाभूल करतात, त्यात वेळ घालवू नका.

पैसे एकाच संचापुरते असतील तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सूट लागेपर्यंत थांबून अ‍ॅडव्हान्स घ्या. नुसता मोबाइलच असेल तर सिम्फनी, आणि उरलेल्या पैशांत कंट्रोलर.