'अ डेडली एज्युकेशन': होस्टेलच्या खोलीत आठ महिने

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हे पुस्तक हातात आलं. कोल्हापुरातला पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. त्या शनिवारी-रविवारी मी गावाकडं न जाता खोलीवरच राहिले आणि पहिली साठ पानं वाचली. आता फेब्रुवारी संपत आलाय. एवढ्या काळात पुस्तक तीनदा वाचून झालं, पुढचे दोन्ही भाग वाचले, आणि माझी प्रत चार मुलींच्या हातांतून फिरून आली. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता त्यातलं काय टिकलं ते सांगता येईल.

नेओमी नोविक या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २०२० मध्ये आली. तीन भागांतला हा पहिला. दुसरा 'द लास्ट ग्रॅज्युएट' २०२१ चा आणि तिसरा 'द गोल्डन एन्क्लेव्ह्ज' २०२२ चा. विज्ञानकथा आणि अद्भुत कथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांसोबत किशोर-तरुण वाचकांच्या पुस्तकाला लोडस्टार नावाचा पुरस्कार देतात, तो २०२२ मध्ये दुसऱ्या भागाला मिळाला.

गोष्ट घडते स्कोलोमान्स नावाच्या जादूच्या निवासी शाळेत. नाव लेखिकेचं स्वतःचं नाही. रुमानियाच्या लोककथांमध्ये सैतान चालवतो अशी एक शाळा आहे. तिथं दहा जण शिकायला जातात आणि शिक्षण संपलं की दहावा सैतान स्वतःकडं ठेवून घेतो. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'मध्येही तिचा उल्लेख आहे. नोविकनं सैतान काढून टाकलाय, हिशेब मात्र ठेवलाय. तिच्या शाळेत शिक्षक नाहीत, सुट्टी नाही, घरचं कुणी भेटायला येत नाही. इमारत जगाबाहेरच्या पोकळीत तरंगते. चार वर्षांनी बाहेर पडायची वाट एकच, तळातला मोठा हॉल, आणि त्यात भुकेले राक्षसी जीव दबा धरून बसलेले. त्यांना 'माल' म्हणतात. ते नळातून येतात, झरोक्यातून येतात, ताटातल्या भाजीतून येतात. चारांतलं एक मूल जगून बाहेर पडतं. तरी आईबाप मुलांना तिथं पाठवतात, कारण जादू अंगात असलेलं मूल बाहेर राहिलं तर वीसांतलं एकच जगतं.

नायिका गॅलाड्रिएल, सगळे तिला एल म्हणतात. आई वेल्सची, वडील मुंबईचे. आईच्या पोटात असतानाच तिचे वडील त्या हॉलमध्ये आईला वाचवताना गेले. एलच्या वाट्याला आलेली जादू महाविध्वंसाची आहे. खोली झाडायचा मंत्र मागितला तरी शाळा तिला सगळं जाळून टाकणारा मंत्र देते. तिला काही कळायच्या आधीच लोक तिच्यापासून चार हात लांब राहतात, आणि तीही फटकळ आहे. वर्गात ओरायन लेक नावाचा न्यूयॉर्कचा मुलगा आहे, जो सगळ्यांना वाचवत सुटतो. त्यानं आपल्याला दुसऱ्यांदा वाचवलं म्हणून याला आता मारायलाच हवं, असं एल पहिल्याच ओळीत ठरवते. तिथंच मी पुस्तकात शिरले.

यातली जादू कष्टानं मिळवायची असते, आणि कोल्हापूरच्या वाचकाला ही गोष्ट कुणी समजावून सांगायला नको. जादूला लागणाऱ्या शक्तीला 'माना' म्हणतात. ती साठवायची तर अंगमेहनत करावी लागते, आणि काम जितकं नावडतं तितकी ती जास्त जमते. एल जोर मारते. तिला क्रोशाचं विणकाम मनापासून नकोसं वाटतं, म्हणून मुद्दाम तेच विणत बसते. दुसरा रस्ता 'मालिया'चा. दुसऱ्या जिवाची शक्ती ओढून घ्यायची. तो सोपा असतो आणि माणूस आतून सडत जातो. माझे आजोबा तरुणपणी गंगावेस तालमीत होते. व्यायामाला ते कायम 'मेहनत' म्हणायचे, दुसरा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. एल रात्री खोलीत एकटी जोर मोजते आणि माना साठवायचे स्फटिक एकेक करून भरत जाते, ते वाचताना मला आजोबांचा आखाडा दिसत होता. एकदाच मोठा मंत्र मारायचा आणि वर्षभराची मेहनत खर्ची पडायची, ही भीती लेखिकेनं फार खरी उभी केलीय. प्रत्येक मारामारीत तुम्ही एलबरोबर हिशेब करत असता, आता किती उरलंय.

आणि आता होस्टेल. हे पुस्तक मला इतकं का लागलं, ते इथंच आहे.

स्कोलोमान्समध्ये एकटं राहणं म्हणजे मरण. अंघोळीला जायचं तर कुणीतरी दाराशी पहारा द्यायला हवं. जेवणाच्या रांगेत पुढच्या-मागच्याशी बोलणं हवं, नाहीतर कुठल्या भांड्यात काय दडलंय ते कोण सांगणार? कुठल्या टेबलावर बसायला मिळतं त्यावर पुढच्या वर्षी तुम्ही जिवंत असाल का ते ठरतं. एल सकाळी उठल्यापासून हाच विचार करते की आज आपल्याबरोबर कोण चालेल. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, गारगोटीजवळच्या गावातून एमएस्सीला इथं आले. पहिले पाच आठवडे मेसमध्ये मी खांबाजवळच्या टेबलावर एकटी बसायचे. रात्री कॉरिडॉरच्या टोकाला बाथरूमकडं जायचं तर मी आधी कान देऊन ऐकायचे, आणखी कुणाच्या दाराचा आवाज येतोय का. आमच्याकडं राक्षस नव्हते, दिवा गेलेला कॉरिडॉर होता. पण ती कान देऊन थांबायची सवय या पुस्तकात ओळ न ओळ आहे. पहिल्यांदा वाचताना मी ते पान मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

माझी रूममेट चंदगडची. तिसऱ्या रात्री तिनं विचारलं, "काय वाचालीस गं एवढं? मेस बंद हुईल, चल की." तिला गोष्ट सांगत सांगत आम्ही जेवायला गेलो आणि मग रोजचंच झालं. रोज एक प्रकरण मी मराठीत सांगायचे. सगळं वाचून दाखवलं नाही, पण तिला एलचा राग माझ्यापेक्षा जास्त कळला.

मैत्रीचं चित्रण या पुस्तकाची खरी ताकद आहे, आणि ते अतिशय सावकाश येतं. आध्या ही न्यू जर्सीची मुलगी, वस्तू घडवण्यात तरबेज आणि देण्याघेण्यात चोख. एलशी तिचं नातं सुरुवातीला व्यवहाराचं असतं, मी तुझं हे करते, तू माझं ते कर. लिऊ तशीच, अबोल आणि सावध. ओरायनचं वाचवणं वरून पडल्यासारखं येतं. या दोघींचा विश्वास मात्र एकेका सौद्यातून साठत जातो, मानासारखाच. त्या तिघी एकत्र येतात तो प्रसंग वाचताना डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या वाचनातही आलं.

दुसरं जे माझ्या मनात टिकलं ते एन्क्लेव्हचं प्रकरण. एन्क्लेव्ह म्हणजे श्रीमंत जादूगारांच्या बंदिस्त वस्त्या. तिथल्या मुलांना शाळेत आधीपासून साठवलेली शक्ती मिळते, चांगल्या वस्तू मिळतात, भोवती चार जण असतात. ते चार जण बाहेरचे असतात. आपल्यालाही कधीतरी एन्क्लेव्हमध्ये जागा मिळेल या आशेवर ते पहिल्यांदा दार उघडतात, पहिला घास खाऊन बघतात, कचरा काढतात. मरतात तेच. ओरायन सगळ्यांना वाचवतो तेव्हा राक्षस उपाशी राहतात आणि वर यायला लागतात. वाचलेल्या प्रत्येक जिवाची किंमत दुसरीकडं वसूल होते. कुणाचं सुरक्षित असणं कुणाच्या जिवावर उभं आहे, हा प्रश्न लेखिका सोडत नाही.

मी केएमटीच्या बसनं रोज दसरा चौकातून जाते. तिथं शाहू महाराजांचा पुतळा आहे, आणि आजूबाजूला जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्यामागोमाग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. माझे वडील अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले. डोक्यावर छप्पर आणि दोन वेळची भाकरी मिळाली म्हणून ते पदवीपर्यंत पोचले. दिवाळीत घरी गेले तेव्हा आबांना, म्हणजे वडिलांना, मी या शाळेची गोष्ट सांगितली. ते अडकित्त्यात सुपारी धरून ऐकत होते. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "मग भाईर ऱ्हायली त्या पोरांचं काय?" तोपर्यंत मी तिसरा भाग वाचला नव्हता. तिसरा भाग सगळाच्या सगळा याच प्रश्नावर आहे.

पहिल्या भागात एलला ग्रंथालयात एक जुना संस्कृत ग्रंथ सापडतो, 'गोल्डन स्टोन सूत्रं'. सगळ्यात जुनी एन्क्लेव्ह याच मंत्रांनी बांधली गेली होती. ग्रंथकर्त्याचं नाव पुरोचन. आपल्याकडच्या वाचकाला लगेच महाभारतातल्या पुरोचनानं बांधलेलं लाक्षागृह आठवणार, आणि सुरक्षित दिसणाऱ्या घराच्या भिंतींत काय भरलेलं असतं ही शंका मनात राहणार. ती राहू द्या, पुढं उपयोगी पडते. या शाळेत पुस्तकांकडं दुर्लक्ष केलं तर ती निघून जातात. म्हणून एल त्या ग्रंथाला थोपटते, त्याच्याशी बोलते, उशाशी घेऊन झोपते. असं पुस्तकावरचं प्रेम मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

आता जे खटकलं ते. एल सारखी समजावून सांगते. एखादा राक्षस अंगावर येतोय आणि मध्येच दीड पान त्याच्या जातीची माहिती. पहिल्या वाचनात मी तीन-चार ठिकाणी वैतागून पुस्तक खाली ठेवलं होतं. दुसऱ्या वाचनात तीच माहिती कामाची वाटली, कारण पुढचा प्रत्येक डाव तिच्यावरच बेतलेला आहे. इंग्रजीही सोपं नाही. वाक्यं लांब, त्यात ब्रिटिश बोलीतले शब्द. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिली तीन प्रकरणं हळू वाचावीत आणि माना, मालिया, माल, एन्क्लेव्ह हे चार शब्द वहीत लिहून ठेवावेत. चौथ्या प्रकरणापासून हात बसतो.

मुंबईचा भाग मात्र आठ महिन्यांनंतरही मला कमी पडलेलाच वाटतो. एल पाच वर्षांची असताना वडिलांच्या घरचे तिला आणि आईला बोलावून घेतात. मोठं घराणं, फक्त कष्टाच्या शक्तीवर जगणारं. तिथं पणजी भविष्य सांगते की ही मुलगी एन्क्लेव्हचा नाश करेल, आणि आई तिला घेऊन निघून येते. कथेसाठी प्रसंग जबरदस्त आहे. पण पहिल्या भागात त्या घराचा ना स्वयंपाक दिसतो, ना कुणाची हाक ऐकू येते. घरातून तोडलेल्या मुलीच्या आठवणीत निदान एक वास तरी राहिला असता. इतक्या बारकाईनं शाळेची गटारं लिहिणाऱ्या लेखिकेकडून मला तो हवा होता.

प्रत घेताना आणखी एक माहिती असू द्या. पहिल्या छपाईत ड्रेडलॉक्स म्हणजे जटांसारख्या केसांना राक्षसी जीव चटकन लागतात अशा अर्थाचा एक उतारा होता. कृष्णवर्णीय वाचकांना तो लागला, टीका झाली, लेखिकेनं जाहीर माफी मागितली आणि पुढच्या छपायांतून तो काढला. मला ते योग्य वाटलं. जुनी प्रत मिळाली तर नवीन बघून घ्या.

माझी प्रत पेपरबॅक आहे. खाकी कव्हर घातलं होतं, तरी पावसाळ्यात पानं थोडी फुगली. कणा मधोमध दुमडलाय, पण एकही पान सुटलेलं नाही. वयाचं म्हणाल तर पंधराच्या खाली देऊ नका. रक्तपात बराच आहे आणि दुसऱ्या भागात प्रेमाचे काही प्रसंग मोठ्यांचे आहेत. माझी बहीण अकरावीत आहे, तिला पहिला भाग दिला. दुसरा बारावीनंतर देईन. तिन्ही भाग एकदम घेता आले तर घ्या, कारण पहिल्याच्या शेवटी आईची एक छोटी चिठ्ठी येते आणि तिच्यानंतर मला रात्रभर झोप लागली नव्हती.

सध्या प्रत खालच्या मजल्यावर पहिल्या वर्षाच्या मुलीकडं आहे. ती मधल्या प्रकरणापर्यंत पोचलीय, जिथं माणसं गिळून त्यांना आत कायम जिवंत ठेवणारा प्राणी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या खोल्यांकडं निघतो आणि एल कुणाला न सांगता एकटी त्याच्या मागं जाते. काल रात्री साडेनऊला दार वाजलं. पुस्तक छातीशी धरून ती उभी होती.

"ताई, ह्यो भाग एकटीनं वाचू वाटंना. तुमच्या खोलीत बसून वाचू?"

रूममेट आतूनच म्हणाली, "ये की. चहा टाकतो."