दिग्गज आइस हॉकीपटूंचा कार्डसंच: छपाई झकास, मजकूर ढिसाळ

चित्रांसाठी घेत असाल तर खुशाल घ्या, माहितीसाठी नको. छपाईला पैकीच्या पैकी गुण. वेन ग्रेट्स्की जर्सीची उजवी बाजू पँटमध्ये खोचायचा, ते खोचलेलं टोकसुद्धा स्पष्ट दिसतं. बॉबी ऑरचं कार्ड तर मी टेबलावरच उभं करून ठेवलंय: १९७० च्या अंतिम फेरीत विजयी गोल मारून आडवा हवेत उडालेला! बचावपटू असून तो दोनदा एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये गुणांत (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास) अव्वल होता. कार्डामागच्या मजकुरात या गोष्टीचा उल्लेखच नाही.

मजकुराची एकूणच बोंब आहे. ग्रेट्स्कीचे ८९४ गोल अजून विक्रम म्हणून छापलेत. अहो, ओवेचकिनने तो २०२५ मध्येच मोडला! त्यापेक्षा ग्रेट्स्कीचे १९६३ असिस्ट छापायचे होते. इतर कुणाचे गोल आणि असिस्ट मिळूनही तेवढे होत नाहीत.

आणि गोलकीपर? एकही नाही. डोमिनिक हाशेकला वगळून कसले सर्वकालीन महान? १९९८ मध्ये नागानोत चेक संघाला सुवर्ण मिळालं ते मुख्यतः त्याच्याच जिवावर. पन्नाशी उलटल्यावरही एनएचएलमध्ये खेळलेला गॉर्डी हाऊ मात्र आहे, तेवढं बरं.