पुण्यात कॉलेजसाठी कपडे कुठून घ्यायचे: रस्ता, दुकान, मोबाइल की शिंपी?

लातूर, चिपळूण, जळगाव, कुठूनही पुण्यात पहिल्या वर्षाला आलात की आठवड्याभरात वाटायला लागतं, घरून आणलेले कपडे इथे चालणार नाहीत. मग एखाद्या संध्याकाळी रूममेटबरोबर एफसी रोडला जाऊन, नाहीतर रात्री पडल्या पडल्या मोबाइलवरून, महिन्याच्या खर्चातले दोन-तीन हजार संपतात. डिसेंबर येईपर्यंत त्यातला एक कपडा आटलेला असतो, एकाचा रंग गेलेला असतो आणि एक फक्त फोटोपुरता उरलेला असतो. घरच्यांनी काटकसर करून पाठवलेला पैसा असा जाताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच मांडते. रोजचे कुर्ते आणि शर्ट शिंप्याकडून शिवून घ्या. जीन्स दुकानात घालून बघूनच घ्या. हौसेचं, एका मोसमाचं जे काही असेल ते रस्त्यावरून घ्या. मोबाइलवरून तेवढंच मागवा, ज्याचं माप तुम्हाला पाठ आहे. आणि पहिले तीन आठवडे काहीच घेऊ नका. कुठे प्रॅक्टिकलला एप्रन लागतो, कुठे आठवड्यातून एकदा फॉर्मल घालावे लागतात, कुठे कुणी काही विचारत नाही. हे कळायला तेवढा वेळ लागतोच.

रस्त्यावरची खरेदी

रस्त्यावरची खरेदी म्हटलं की पुण्यात चार नावं येतात: एफसी रोड, डेक्कनची हाँगकाँग गल्ली, तुळशीबाग आणि कॅम्पातला फॅशन स्ट्रीट. चारही ठिकाणांचा स्वभाव वेगळा आहे. एफसी रोडला टॉप, कुर्ती, ढगळ टी-शर्ट, म्हणजे आत्ता कॉलेजात जे चाललंय ते सगळ्यात आधी दिसतं. हाँगकाँग गल्ली कानातले, बेल्ट, मोबाइलची कव्हरं यांच्यासाठी. तुळशीबागेत ओढण्या, लेगिंग्ज, ऑक्सिडाइजचे दागिने, स्कार्फ, सनकोट, घरात घालायचे कपडे. आता मंडई मेट्रो स्थानकावर उतरलं की तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड दोन्ही पायी होतात, त्यामुळे कोथरूड किंवा पिंपरीकडून येणाऱ्यांना गाडी लावायची चिंता नाही. फॅशन स्ट्रीट मुलांसाठी बरा, कारण टी-शर्ट, कार्गो, जॅकेट, बूट एकाच ठिकाणी मिळतात.

रस्त्याचा फायदा भावाइतकाच हाताचाही आहे. कापड चोळून बघता येतं, शिवण ओढून बघता येते. ते करा. कुर्तीची बाजूची शिवण दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर ती दोन धुण्यांत उसवणार. गडद लाल, निळा, काळा कपडा असेल तर ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूला घासा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा हॉस्टेलच्या बादलीत इतर सगळे कपडे बिघडवेल.

तोटा एकच, पण मोठा: घालून बघता येत नाही आणि परत करता येत नाही. म्हणून रस्त्यावरून तेच घ्या जे थोडं सैल-घट्ट झालं तरी चालतं. ढगळ टी-शर्ट चालेल, अंगाबरोबरचा टॉप नाही. पँट घ्यायचीच असेल तर कमरपट्टी बंद करून मानेभोवती गुंडाळून बघा. दोन टोकं मानेमागे जेमतेम टेकली तर कंबर साधारण बसते. मांडीचा आणि उंचीचा अंदाज मात्र त्यातून येत नाही.

घासाघीस जरूर करा, पण जिवावर उठल्यासारखी नको. फॅशन स्ट्रीटला मार्च २०२१ मध्ये रात्री लागलेल्या आगीत शेकडो दुकानं जळून गेली होती. त्या लोकांनी धंदा पुन्हा उभा केला आहे. वाजवी भाव मिळाला की पन्नास रुपयांसाठी चार वेळा उठून जायचं नाटक करू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुकान

इथे फार सांगण्यासारखं नाही. झुडिओ सगळ्यांना माहीत आहे. टाटांच्या ट्रेंट कंपनीचं दुकान, २०१६ मध्ये सुरू झालेलं, आणि बहुतेक किमती हजाराच्या आत. घालून बघायची सोय, ठरलेली किंमत, बदलून मिळायची खात्री. ज्यांना घासाघीस करायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे. अडचण अशी की पहिल्या बाकावरच्या तिघींचा टॉप तुमच्यासारखाच निघतो. ते चालत असेल तर इथे चूक व्हायची शक्यता सगळ्यात कमी.

थोडं महागाचं घ्यायचं असेल तर कराची एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. पादत्राणांनाही हीच मर्यादा. त्यामुळे त्या आकड्याच्या थोडं वरचं जॅकेट किंवा बूट घेताना थोडं खालचं काही मिळतंय का, हे बघण्यात शहाणपण आहे.

मोबाइल

मिंत्रा, मीशो आणि रीलखाली दिसणारी असंख्य छोटी दुकानं. निवड इथे सगळ्यात मोठी, आणि फसगतही. फोटोतल्या मुलीच्या अंगावर कपडा मागून पिना लावून बसवलेला असतो, हे लक्षात असू द्या. तिथला एम आणि इथला एम एक नसतो. उपाय सोपा आहे: तुम्हाला नीट बसणारा एक कुर्ता किंवा टी-शर्ट पलंगावर सपाट पसरा, काखेखालून आडवं माप घ्या, दुप्पट करा. हा तुमचा छातीचा आकडा. खांदा आणि उंचीही मोजा. तीन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि कपड्याच्या मापाच्या तक्त्याशी ताडून बघा. अंगाचं माप आणि कपड्याचं माप असे दोन वेगळे तक्ते असतात. बघायचा तो कपड्याचा.

कापडाचं नाव वाचल्याशिवाय पैसे भरू नका. पॉलिस्टर घाम शोषत नाही. एप्रिलमध्ये दुचाकीवरून कॉलेजला जाताना ते कळतं. रेयॉन अंगावर छान पडतं पण ओलं असताना कमजोर होतं, जोरात पिळलं तर आकार जातो. टी-शर्टसाठी जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, बघा: १८० च्या आसपास असेल तर रोजच्या वापराला ठीक, ढगळ जाड टी-शर्ट हवा असेल तर २२० ते २४०.

आणि परत करायची सोय कागदावर कितीही सोपी असली तरी पीजीत राहणाऱ्याला ती तितकी सोपी नाही. पार्सल न्यायला माणूस येतो तेव्हा तुम्ही लेक्चरला असता, वॉचमन पार्सल ठेवून घ्यायला तयार नसतो, मुदत निघून जाते. असे न आवडलेले, न परत गेलेले कपडे पुण्यातल्या प्रत्येक हॉस्टेलच्या कपाटात आहेत.

शिंपी

तरुण मुलं हा पर्याय विसरत चालली आहेत याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे पेठांपासून कर्वेनगरपर्यंत जवळजवळ प्रत्येक भागात शिवणाचं एखादं छोटं दुकान आहे, किंवा घरातल्या पुढच्या खोलीत मशीन घेऊन बसलेल्या काकू आहेत. कापड लक्ष्मी रोडला किंवा रविवार पेठेतल्या कापडगंजात घ्यायचं.

हिशोब मांडून दाखवते. साध्या कुर्त्याला अडीच मीटर कापड लागतं. बऱ्यापैकी सुती कापड १५० रुपये मीटर धरलं तर ३७५ रुपये, शिलाई ४०० च्या आसपास, म्हणजे पावणेआठशे. भाव दुकानागणिक आणि भागागणिक बदलतात, पण अंदाज हाच. तशीच दिसणारी कुर्ती रस्त्यावर यापेक्षा बरीच स्वस्त मिळेल आणि झुडिओतही थोडी कमी पडेल. शिंपी स्वस्त नाही. मुलांच्या शर्टाचंही तेच: ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) १.६ मीटर कापड, अधिक शिलाई, की तयार शर्टाइतका किंवा थोडा जास्तच खर्च.

मग का शिवायचा? कारण तो तुमच्या अंगाचा असतो. तयार कपडे एका ठरलेल्या बांध्यावर बेतलेले असतात. कुणाचे खांदे रुंद आणि कंबर बारीक, कुणाचे हात लांब, कुणाची छाती एलची आणि उंची एसची. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी ट्रायल रूममधून तीन कुर्ते घालून बाहेर येते, एकही बसत नाही, आणि ती स्वतःच्या अंगाला नावं ठेवते. दोष तिच्या अंगात नसतो, मापात असतो. पहिल्यांदा मापाचा शिवलेला कुर्ता घातल्यावर माणूस ताठ चालतो, हे मी कितीतरी जणींच्या बाबतीत पाहिलं आहे.

दुसरं कारण टिकण्याचं. शिंप्याला सांगून आत दोन्ही बाजूंना एक-एक इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवून घेतली तर वजन वाढो की कमी होवो, तोच कुर्ता पुढच्या वर्षी उसवून पुन्हा बसवता येतो. तयार कुर्तीत ओव्हरलॉकच्या, म्हणजे कापडाची कड बंद करणाऱ्या टाक्यांच्या, पुढे काहीच नसतं. मुलींसाठी खिसाही सांगता येतो. दुकानातल्या कुर्तीत तो शोधावा लागतो.

शिवायला टाकण्याआधी सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. आटायचं ते आधीच आटू दे, नाहीतर बसलेला कुर्ता पहिल्या धुण्यात वर चढतो. मापासाठी नीट बसणारा जुना कपडा न्या, शिवाय अंगावरून माप द्या. गणपती, दिवाळी आणि लग्नसराईच्या आधीचे तीन आठवडे कुठलाच शिंपी वेळेवर देत नाही, तेव्हा तारीख दोन आठवडे अलीकडची सांगा. आणि घरी आईची, मावशीची न नेसली जाणारी सुती साडी असेल तर विचारा. साडेपाच मीटरच्या साडीत दोन कुर्ते आरामात होतात, शिवाय काठ गळ्याला आणि बाहीला लावता येतात. असा कुर्ता वर्गात दुसऱ्या कुणाचा नसतो.

जीन्स आणि पावसाळा

जीन्स शिवून घेण्यात अर्थ नाही. डेनिम शिवायला जाड कापडाचं मशीन लागतं आणि धुलाईचं काम वेगळंच असतं. रस्त्यावरची जीन्स कंबरेला बसली तरी मांडीला अडते. मोबाइलवरून मागवलेली तर दहांतल्या फार थोड्यांना पहिल्या फटक्यात बसते. दुकानात जा, घाला, मांडी घालून बसून बघा, दुचाकीवर बसल्यासारखा पाय टाकून बघा. उंची जास्त असेल तर शेजारच्या अल्टरवाल्याकडून कापून घ्या, पण एकदा धुतल्यावर.

सध्या सगळीकडे घोळदार जीन्स आहेत. दिसतात छान. पण जून ते सप्टेंबर पुण्याच्या रस्त्यावर त्यांची मोहरी, म्हणजे पायाकडची कड, टाचेखाली येऊन चिखल शोषते, आणि हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये जाड डेनिम दोन-दोन दिवस वाळत नाही, वास मारतो. पावसाळ्यासाठी घोट्यापर्यंतची पातळ पँट किंवा पायाशी निमुळती होणारी सलवार घ्या, घोळदार जीन्सची हौस ऑक्टोबरपासून करा. दुचाकीवर मागे बसताना लांब ओढणी गाठ मारून पुढे घ्या, चाकात जाऊ देऊ नका. हे फॅशनचं नाही, जिवाचं आहे.

ट्रॅडिशनल डे

एका दिवसासाठी नवीन काही विकत घेऊ नका. नऊवारी नेसायची असेल तर आधी घरची विचारा. नेसवणारं कुणी जवळ नसेल, किंवा नाच करायचा असेल, तर शिवलेली नऊवारी भाड्याने घ्या. सदाशिव आणि नारायण पेठेत नाटकांची ड्रेपरी पुरवणारे अशी वेशभूषा भाड्याने देतात. नेसलेली नऊवारी जास्त शोभते यात शंका नाही, पण कॉलेजच्या जिन्यावर दिवसभर वावरायचं तर शिवलेलीचा आधार असतो. मुलांनी धोतर सुटायची भीती असेल तर कुर्ता-पायजमा घालावा आणि फेटा मात्र बांधणाऱ्याकडून बांधून घ्यावा. तयार टोपीसारखा फेटा जवळून लगेच ओळखू येतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर कोल्हापुरी चपलेवर करा. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांचं मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने तशीच चप्पल दाखवली, मूळ कारागिरांचं नावही न घेता, आणि इकडून टीका झाल्यावर तिची प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची असल्याचं मान्य केलं. आपल्याला ती जत्रेपासून बाजारापर्यंत कुठेही मिळते, म्हणून तिची किंमत कमी समजू नये. रेक्झिनची नक्कल स्वस्त असते, पण तिला चामड्याचा वास नसतो आणि शिवणीत चामड्याची वादी नसते, ते हातात घेऊन बघा. पावसाळा संपल्यावरच घ्या. भिजली तर उन्हात किंवा हीटरसमोर न ठेवता सावलीत वाळवा. नवी असताना ती चावते, तेव्हा आतल्या बाजूने थोडं तेल चोळून चार-सहा दिवस खोलीतल्या खोलीत घाला, आणि मगच कॉलेजला घालून जा.