म्हैसमाळ की दौलताबादचा घाट?

आमच्या संभाजीनगरच्या सायकल ग्रुपमधल्या एका पोराचा प्रश्न: रेसची तयारी म्हैसमाळच्या लांब चढावर करू, की दौलताबादच्या आखूड घाटात फेऱ्या मारू?

सायकलिंगच्या जागतिक अजिंक्यपद रोड रेसचे मार्ग बघा. 2018 ला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये इग्ल्सचा जवळपास आठ किलोमीटरचा चढ पुन्हा पुन्हा होता. तिथे हलक्या अंगाचे, एका लयीत चढणारेच शेवटपर्यंत टिकले; जिंकला स्पेनचा व्हाल्वेर्दे. 2025 ला रवांडातल्या किगालीत चढ आखूड, पण संपतच नव्हते. 267 किलोमीटरच्या रेसमध्ये 5,000 मीटरहून जास्त चढाई! प्रत्येक चढावर जोर लावायचा, माथ्यावर दम घेण्याआधीच पुन्हा वेग धरायचा. स्लोव्हेनियाचा पोगाचार जिंकला, शर्यत पूर्ण केली फक्त तीस जणांनी.

वजन म्हणाल, तर लांब चढावर प्रत्येक जादा किलो भोवतो. आखूड चढावर थोडा दणकट गडीही निभावतो, पण पायात वारंवार स्फोट करायची ताकद हवी. थकवा घाटातल्या फेऱ्यांचाच जास्त, त्यामुळे दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्याच. रहदारीचं म्हणाल तर रविवारी वेरूळच्या गाड्यांनी घाट भरतो, पहाटेच उरका. उन्हाळ्यात तर दोन्हीकडे पहाटच.

माझं मत स्पष्ट आहे. फेऱ्यांची सर्किट रेस खेळायची असेल तर दौलताबाद. एकच मोठा घाट चढायची स्पर्धा किंवा लांब पल्ल्याची राइड असेल तर म्हैसमाळ. अंगाने जड असाल आणि शेवटच्या दोनशे मीटरची धाव हीच तुमची ताकद असेल, तर जालना रोडचा सपाट पट्टाच धरा. 2016 ला दोहाच्या सपाट मार्गावर दुसरा आला तो कॅव्हेंडिश, निव्वळ स्प्रिंटर.