मधमाशीच्या मेणाच्या नावाखाली मेणबत्तीचे मेण

ओठांना लावायचा बाम मी दर हिवाळ्यात घरीच करते. तीन भाग खोबरेल किंवा बदामाचे तेल आणि ते घट्ट होण्यासाठी एक भाग मधमाशीचे मेण एकत्र वितळवून डब्यांत ओतायचे, एवढीच त्याची कृती आहे. तेलाची पारख घरोघरी असते, मेणाची फारशी नसते. फसवणूक होते ती नेमकी तिथे.

यंदा मेण एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले. पाकिटावर पोळ्याचे चित्र आणि ‘शंभर टक्के शुद्ध, फूड ग्रेड’ असा ठळक मजकूर होता. दर बाजारभावाच्या निम्मा का, असे विचारले असता ‘आम्ही थेट मधपाळांकडून घेतो’ असे सहज पटणारे उत्तर मिळाले. आत गडद पिवळे, चकचकीत, एकसारखे दाणे होते आणि त्यांना मधाचा वास येत होता, जरा जास्तच. भांडे तापताच तो वास उडाला आणि मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास मागे राहिला. बाम ओठांवर पसरण्याऐवजी त्याचे पापुद्रे सुटू लागले, आणि तो लावलेल्या माझ्या भाचीच्या ओठांच्या कडा लाल होऊन त्यांची आग होऊ लागली.

मेण किती तापमानाला वितळते यावरून ते ओळखता येईल, असे मला वाटले होते. परंतु मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते आणि बाजारात सर्रास मिळणारे पॅराफीन, म्हणजे मेणबत्तीचे मेण, ५८ ते ६० अंशांना. घरच्या तापमापकावर हा फरक भरवशाने दिसत नाही. घनतेतला फरक मात्र दिसतो, कारण मधमाशीचे मेण पॅराफीनपेक्षा जड असते. महाबळेश्वरच्या एका मधपाळाकडून आणलेला मेणाचा तुकडा आणि हे दाणे मी एकाच ग्लासातील पाण्यात टाकले आणि पाणी हलके व्हावे म्हणून त्यात थोडे थोडे सर्जिकल स्पिरिट मिसळत गेले. खरा तुकडा हळूहळू तळाशी गेला, दाणे तरंगतच राहिले. अर्थात, भेसळ चलाखीने केलेली असेल तर ही चाचणीही चकवू शकते.

पॅराफीन म्हणजे विष नव्हे. शुद्ध केलेले पॅराफीन अनेक सौंदर्यप्रसाधनांत असते. परंतु मेणबत्तीसाठीच्या मेणात तेलाचा अंश किती, रंग कोणता आणि अत्तर कसले, हे खरेदीदाराला कळत नाही, आणि ओठांवरचा बाम थोडाफार पोटात जातोच.

मेणावाचून अडतेच असे नाही. कोकणातले भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, ओठांना उत्तम मानवते. मात्र ते चाळीस अंशांच्या आसपास वितळत असल्याने मे महिन्यात नुसते टिकत नाही. कार्नौबा हे वनस्पतिजन्य मेण ऐंशी अंशांच्या वर वितळते, त्यामुळे ते फार थोडे पुरते. मक्याचे पीठ घालण्याचा सल्ला काही जण देतात. ते तेलात विरघळत नाही आणि ओलावा लागला की त्याला बुरशी धरते, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता आणि उत्पादनाचा महिना नव्हता; हे दोन्ही कायद्याने हवे. पाकिटाचे छायाचित्र जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले. तेच दाणे, तेच पोळ्याचे चित्र आणि तोच दर आता दुसऱ्या दुकानाच्या नावाने झळकत आहे.